आत्याची मोटर आणि खुर्च्यांचं समीकरण

तीर्थरूप आत्यास,

नमस्कार. (बसूनच करतो आहे, पाठ धरली आहे.) तुझे गुडघे कसे आहेत हे विचारायला मला तोंड नाही. तुझ्या शिलाई मशीनची मोटर मी 'आठ दिवसांसाठी' नेली आणि तेव्हापासून दोन वर्षं तू पायडल मारते आहेस. ती परत का आली नाही ते सांगायलाच हे पत्र. (मध्ये अक्षर बदललं तर समज, उठून मोटरीला हात लावून आलो.)

माझ्या प्रयोगशाळेतल्या कामाला घरात तू 'ढवळाढवळ' म्हणतेस. ते खरंच आहे. द्रावणात उत्प्रेरकाची पूड टाकायची आणि तुझ्या मोटरीने ढवळत राहायचं. उत्प्रेरक म्हणजे स्वतः जसाच्या तसा राहून इतरांकडून कामं उरकून घेणारा पदार्थ. (आपल्या घरात असे दोघे आहेत, नावं नकोत.) मग द्रावण दाट करत न्यायचं, क्रियेचा वेग मोजायचा आणि त्या वेगाचं समीकरण मांडायचं. माझा वेग आधी झपाट्याने वाढायचा, मग सपाट व्हायचा. मी अर्थ लावला की पुडीवर रेणूंना बसायला मोजक्याच खुर्च्या आहेत. त्या भरल्या की बाहेर कितीही गर्दी होवो, काम वाढत नाही. समीकरण आकड्यांवर तू शिवलेल्या सदऱ्यासारखं बसलं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "देखणं आहे. आता याला हात लावू नकोस." मी लावला नाही.

मी नेहमी सकाळी पातळ द्रावणापासून सुरुवात करतो, दाट संध्याकाळी. परवा सकाळी फळीवर दाट बाटली पुढे होती, आणि मला धीर कधी होता? तीच उचलली. वेग सपाट व्हायचा तो उधळलाच. खुर्च्या वाढवल्या कुणी? पूड बदलली, घड्याळ बदललं, चष्मा पुसला. दिवसभर तेच. शेवटी टेकायला म्हणून मोटरीवर हात ठेवला आणि बोटं भाजली. दिवसभर चालून ती तापते, तापली की मंदावते, आणि ढवळणं ढिलं पडलं की रेणू पुडीपर्यंत पोचतच नाहीत. संध्याकाळी खुर्च्या भरत नव्हत्या, आत्या. तुझी मोटर दमत होती. मी तिच्या थकव्याचं समीकरण मांडलं, तेही तीन स्थिरांकांसकट.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "अरे, सोमवारी परीक्षक येतायत. त्यांच्यापुढे काय तुझ्या आत्याला उभं करायचं?" खुर्च्या मुळात आहेत की नाहीत हे कळायला सगळी मापं पुन्हा घ्यायची, आणि दर मापानंतर मोटर निवू द्यायची. मला तर चहासुद्धा निवू देता येत नाही, तुला ठाऊक आहे. नाहीतर दोन वर्षं पाण्यात.

तुझ्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार.

तुझा,
ढवळ्या

ता. क. तुझ्याकडे ही मोटर कधी दमली नाही, त्याचं कारण सापडलं. तू दर शिवणीला थांबून कुणाची तरी खरडपट्टी काढायचीस. तेवढ्यात ती निवायची.

आणखी ता. क. म्हणून विचारतो, सोमवारपर्यंत इथे येऊन बसशील का? स्टूल आहे. एक माप झालं की तू बोलायला लाग, मी बटण बंद करीन. विषय कमी पडणार नाहीत. सर आहेत, मी आहे.

शेवटचा ता. क. सर आत्ताच डोकावून म्हणाले, "अरे, सरळ नवी मोटर का घेत नाहीस?" मी म्हटलं, दुकान बंद आहे. दुकान उघडं आहे. तू ये.