मुठी कुठं टाकायच्या

आई, चौथीपर्यंतच्या अक्षरात लिहितोय, सांभाळून घे. तुझी नात पिरंगुटच्या बाजूला एका कंपनीत कामाला आहे. तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती. गेला महिनाभर माझ्या जिवाला घोर होता. तिचं कंत्राट संपत आलेलं, आणि नेमकी तेव्हाच पोरगी साहेबापुढं तोंड उघडून बसली. तिथं बायका ओळीनं बसून यंत्राचे सुटे भाग जोडतात. भाग संपले की उठायचं, कोपऱ्यातून आणायचे, परत बसायचं. नव्या साहेबानं विचारलं, काम सोपं कसं होईल? ही लगेच म्हणाली, "आमच्याकडं भात लावताना रोपांच्या मुठी आधीच खाचरात टाकत्यात. कुणाला उठावं लागत न्हाई."

रात्री जेवताना तिनं हे सांगितलं, तसा मी हातातला घास ताटात ठेवला. "अगं, साहेबाला शिकवतीस व्हय? काढून टाकतील!"

"त्यांनीच इचारलं, आबा. तुमी जेवा."

मला तू आठवलीस. मी मुठी फेकतोय, त्या कुठंही पडतायत, आणि तू चिखलातून ओरडतेस, "आरं, डोळं हायेत का गोट्या? बाईचा हात रिकामा राहिला की कंबर वर येती, अन् कंबर वर आली की गाणं तुटतंय!" बायका हसतात. मग तू हाताला धरून दाखवतेस: बाई आत्ता आहे तिथं नाही, मागं सरकत जिथं येणार तिथं मूठ पडली पाहिजे.

साहेबानं तिचं ऐकलं, सुट्या भागांचे ट्रे आधीच बायकांपुढं मांडायला लावले. पहिल्या दिवशी ते सगळ्यांच्या मांडीवर सांडले. मला वाटलं, संपलं. पण साहेब स्वतः बायकांच्या ओळीत येऊन बसला. त्यानं आणि तुझ्या नातीनं मिळून हात कुठवर पोचतो ते पाहिलं आणि उतरती फळी करून घेतली. पुढचा ट्रे उचलला की मागचा आपोआप घसरत हाताशी येतो. आता कंपनीभर तशाच फळ्या बसतायत, आणि त्या बसवून घ्यायचं काम तुझ्या नातीकडं आहे. कायम केलं तिला. "आता आमच्या गप्पा तुटत न्हाईत," म्हणाली. तुझंच रक्त.

चहाच्या टपरीवर मी हे इतक्यांदा सांगितलंय की परवा एकजण म्हणाला, "म्हाताऱ्या, कंपनी तुझ्याच नावावर कर की आता!"

हे पत्र कुठं टाकणार, घडी घालून ठेवतो. एक मात्र तुलाच सांगतो. ती जोडते तो भाग नेमका कसला, कशात बसतो, मला अजून कळलेलं नाही. टपरीवर कुणी विचारलं, की मी पुन्हा भाताच्या लावणीवर येतो.