किरिहाताची छत्री

३ जून
आजपासून रोज लिहिणार. सचिवाच्या आठवणी पुढे कुणीतरी मागेलच. आमच्या खात्याचा सचिव जुलैत बदलतो, आणि बॅचमधून उरलंय कोण? मी आणि सेनबा. सेनबा म्हणजे... असो. गोल्फ बरा खेळतो.
तिसरा किरिहाता होता. डिसेंबरात बजेटच्या धामधुमीत टेबलावर डोकं टेकलं, ते उचललंच नाही. त्याची छत्री अजून माझ्या खोलीत स्टँडमध्ये आहे. माझ्या सेक्रेटरी इनोसेबाईंना म्हटलं, घरी पाठवून द्या त्याच्या.

५ जून
दुपारी फाइल वाचताना डाव्या खांद्यावर थाप. हलकी, दोनदा. वळलो तर कुणी नाही. उठून दाराबाहेर बघितलं, सचिव तर नाहीत ना. आमच्याकडे एकजण सचिव झाला की त्याच्या बॅचचे बाकीचे राजीनामा देऊन निघतात. लेखी हुकूम नसतो. वरचा साहेब येऊन खांद्यावर थाप मारतो, झालं.
पण मला कोण मारणार थाप? खांदा आखडलाय. औषधी पट्टी लावली.

९ जून
पुन्हा. पट्टीवरूनच! खुर्ची सरकवली, भिंतीला पाठ लावून बसलो. आता मारा म्हणावं. इनोसेबाई म्हणाल्या, साहेब, अशाने टेबलापर्यंत हात पोचणार नाही. यांना दूरदृष्टी नाही.

१० जून
भिंतीतून आली.

१६ जून
छत्री परत आली. किरिहाताच्या बायकोने पाठवली. म्हणाली, असू दे तिथेच, ह्यांची बॅच अजून कुठे निघालीय. दुःखाने माणूस काहीही बोलतो.
संध्याकाळी छत्री ओली. बाहेर लख्ख ऊन, खाली पाण्याचं थारोळं! एसी गळत असणार. मेकॅनिक म्हणाला, एसी ठणठणीत आहे. हल्ली कामं येतात कुणाला?

२० जून
उलगडा झाला. किरिहाता अभिनंदन करायला येतोय! मेलेल्यांना म्हणे पुढचं दिसतं. मग घाबरायचं कशाला? घाबरत नाहीच मी. फक्त दार उघडं ठेवायला सांगितलंय.
फुमिएला म्हटलं, तुझा चांगला किमोनो धुवायला टाक, समारंभ येतोय. म्हणाली, अहो, आधी पक्कं तर होऊ द्या. ही लग्नापासून अशीच.

२७ जून
सचिवांनी बोलावलं. आभाराचं भाषण खिशात होतं. ते सोफ्यावरून उठले, माझ्या मागे आले. डाव्या खांद्यावर थाप. हलकी, दोनदा.
सेनबा सचिव.
म्हणाले, तुमच्यासाठी एखाद्या महामंडळात खुर्ची बघतोय, सध्या रिकामी नाही. मी म्हणालो, वा, उत्तम! रडू येत होतं. जिन्यात रडलो. भाषण अजून खिशातच आहे.

४ जुलै
शेवटचा दिवस. हातात फुलं, दोन्ही बाजूंना स्टाफ, टाळ्या. सेनबा कंबरेत वाकला, चांगला खालपर्यंत. जिंकलेल्याला वाकायला काय जातंय!
निघताना पाहिलं तर छत्रीचा स्टँड रिकामा. इनोसेबाईंचा चेहरा पांढराफटक. शपथेवर सांगते साहेब, म्हणाल्या, मी हात लावला नाही.
लिफ्टमध्ये मी एकटाच. पण शेजारी फरशीवर टप टप पाणी पडत होतं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अभिनंदन कसलं! बॅच निघाल्याशिवाय बिचाऱ्याला निघता येत नव्हतं. इतके दिवस चल ना, चल ना म्हणून खांदा हलवत होता, आणि मी पट्ट्या लावत होतो.
गेटपर्यंत बरोबर आला. मग थेंब थांबले. खांदा एकदम हलका झाला. मला मुळीच आवडलं नाही.

८ जुलै
महामंडळाचा फोन नाही. येईल. फुमिए म्हणाली, घरात येरझाऱ्या घालण्यापेक्षा कचरा तरी टाकून या. सूट घालून गेलो. गल्लीच्या कोपऱ्यावर पिशवी ठेवली, तोच डाव्या खांद्यावर थाप. हलकी, दोनदा.
अंगावर काटा आला, आनंदाने. आलास बाबा, म्हणत वळलो.
शेजारच्या वाकुरीबाई. म्हणाल्या, तोकुनागासान, प्लास्टिकच्या कचऱ्याचा वार उद्या. उचला ते, घरी न्या.
उचलून आणलं.