पाहुण्यांसाठी पांढरे दात

२० एप्रिल २०१६, लातूर

तू गप! तुला काय जातं — कागद तू, जन्मतःच पांढरा. माझे दात बोअरच्या पाण्यानं तपकिरी झाले, त्यात माझा काय गुन्हा? परीक्षा संपली तशी नांदेडहून बोलावून घेतलं. रविवारी उदगीरचे पाहुणे बघायला येणार, म्हणून आबांनी आज दातांच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. पोरगा तहसीलला क्लार्क. आबा म्हणतात, "उदगीर जिल्हा होऊन राहिला, पोरगा साहेब होतो बघ!" जिल्हा होईल तेव्हा होईल. माझे दात आधी!

दात पांढरे करायचं औषध लावताना डॉक्टरबाईंनी सगळं सांगितलं — दात सणकतील, हिरड्या जळजळतील, डाग सगळे जाणार नाहीत. दोन दिवस चहा नको, हळद नको. आबा मोबाइलमध्ये.

२१ एप्रिल

वारा लागला तरी कळ थेट कानात! टँकरवर घागर उचलताना तोंड उघडं राहिलं — मेले. औषध लागलं तिथं हिरड्या पांढऱ्याफटक. लिहायला घेतलेल्या कथेचं आज एकच वाक्य झालं: आई गं.

संध्याकाळी चतुरा आत्या आली. "अगं बाई, भाजलंय की! हळद-मीठ लाव."

म्हटलं, हळद नको सांगितलंय.

"खायची न्हाई म्हणल्या. लावायची न्हाई म्हणल्या का?"

आईनं धरलं, आत्यानं बोटानं घासलं. मी बोंबलले. "लई नाटकी! म्हणून तर कथा लिहिती."

२२ एप्रिल

दात पिवळेजर्द. आई आत्याला बोलते, आत्या डॉक्टरबाईला, आबा मला.

२४ एप्रिल, रविवार

पोराची आई तारामतीबाई. "हस की गं पोरी."

ओठ मिटून हसले.

"तसं न्हाई. दात दाखव."

हाळीच्या बाजारात बैलाचे बघतात तसं बघितलं. वय विचारायचं कामच उरलं नाही!

पोरगा पोह्यांकडं बघत पुटपुटला, "पाणीच तसलं हाय आपल्याकडं."

"तू गप रे."

गप झाला. लगेच!

२७ एप्रिल

होकार आला. अट एकच — लग्नाआधी समोरच्या दातांवर कॅप बसवा. म्हणजे माझे धडधाकट दात घासून बारीक करायचे. मी समोर उभी, आणि आबा फोनवर, "बसवू की!" माझ्याकडं साधं बघितलंसुद्धा नाही.

नांदेडला विष्णुपुरीत मैत्रिणीची खोली आहे. पिशवी भरली. आबांचं अजून "हाव, हाव" चालूच. ते फोन ठेवतील तेव्हा मी नांदेडच्या गाडीत.