आज्ञा कुणाची

बाई, आज सासूबाई गेल्याचे कार्ड लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीवर अडले, म्हणून हा पाठकोरा कागद ओढून तुम्हांलाच लिहिते आहे. 'देवाज्ञा झाली' एवढेच तर लिहायचे. सासूबाई पिकल्या पानासारख्या, तोंडात नाम असताना गेल्या. त्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. तरी टाक पुढे जात नाही.

ज्या उन्हाळ्यात सोलापुरात लष्कराचा अंमल आला आणि छापखान्यांना कुलुपे लागली, त्याच उन्हाळ्यात तुम्ही सरस आणि ग्लिसरीन घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आलात. शाळेत माझे व्याकरण तपासणाऱ्या बाई चुलीपाशी बसून सरस ढवळताहेत. परातीत तो ओतला, निवून घट्ट झाला, तशा सासूबाई डोकावल्या. "वडी कसली गं? दे की तुकडा." तुम्ही शांतपणे म्हणालात, "चामड्याची आहे, काकू." त्या दिवसापासून ती परात न्हाणीच्या बाहेर राहिली. जांभळ्या शाईने लिहिलेला कागद त्या थरावर दाबायचा, उचलायचा, मग एकेक कोरा कागद लावून प्रती काढायच्या. गिरणीतल्या बायांचे पत्रक. त्याला ना छापखाना, ना मालक, ना कुणाची परवानगी.

लिहायचे मी, मॅट्रिक झालेली मीच होते. पण तुमचा नियम असा की आधी मजकूर चाळीच्या नळावर बायांना मोठ्याने वाचून दाखवायचा. "बाया हसतील तिथे खोड. गप्प होतील तिथे हात लावू नकोस." मी 'प्रसूतिकाळी विश्रांती' वाचले, तर एकीने घागर टेकवून विचारले, "वैनी, ह्ये बाळंतपण हाय का कोर्टाचं समन्स?"

मग रीळ खात्यातली ती पोरसवदा बाई गेली. कळा सुरू झाल्या तरी मुकादमाने तिला घरी सोडले नाही. यंत्रांच्या ओळीतच बाळंत झाली आणि दिवेलागणीपर्यंत माय नि लेकरू दोन्ही संपली. गिरणीवाले म्हणाले, ती त्या दिवशी कामावर नव्हतीच. मी सवयीने लिहिले, 'तिला देवाज्ञा झाली,' आणि तेच नळावर वाचले. तिची जाऊ रांगेत होती.

"देवानं कवा आज्ञा केली?" ती म्हणाली. "मी शेजारच्या रिळावर हुते की. आज्ञा मुकादमानं केली. मर हितंच म्हणला, पर जाऊ दिलं न्हाय."

घागर भरून वाहत होती, ती कुणी उचलेना.

मला राग आला होता. देवाचा शब्द तो, त्यावर असे बोलावे? घरी येऊन तुमच्याशी भांडले. तुम्ही एवढेच म्हणालात, "देवावर इतकी भक्ती ना तुझी? मग मुकादमाचे पाप त्याच्या माथी का मारतेस?"

मी खोडले. 'मुकादमाने सोडले नाही, म्हणून ती मेली,' असे लिहिले. त्या प्रती चाळीचाळींतून गेल्या, आणि पाठोपाठ पोलीस जांभळ्या डागांसाठी नळावर बायांची बोटे तपासत आले. तुम्ही आपण होऊन हात पुढे केलेत. "शाई माझी, अक्षरही माझेच." अक्षर माझे होते, बाई. तुमच्याच सांगण्यावरून मी त्या वेळी घरात हळद कुटत बसले होते, मनगटापर्यंत पिवळी.

तुरुंगात तुम्हांला ताप आला, आणि दवाखान्यात नेईनात. पुढे तुमच्या भावाचे कार्ड आले, 'आमच्या भगिनीस देवाज्ञा झाली.' रिवाजाप्रमाणे उंबऱ्याबाहेर वाचले, फाडले, अंघोळ केली.

आता सासूबाईंच्या कार्डावर लिहिते आहे, 'म्हातारपणाने, घरी, आमच्या हातचे पाणी घेऊन गेल्या.' लिहिता लिहिता ध्यानात येते, यातले तुमच्या वाट्याला काहीच आले नाही.

कागद संपत आला, आणि धाडायचा तरी कुठे? एक मात्र सांगते. तुम्ही गेल्याचे कार्ड आले त्या संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावला, पण हात जोडले नाहीत. विचारले, आज्ञा तुझी होती का? अजून रोज दिवा लावते. आधी तेवढे विचारते, मग हात जोडते.