बधिर म्हणजे बहिरी नव्हे

प्रिय प्रणू,

एकाच घरात राहून आईनं मुलीला पत्र लिहावं हे जरा अतीच. त्यातून न्यूझीलंडातल्या टाकानिनीचं हे पुठ्ठ्याच्या भिंतींचं घर. मी माझ्या खोलीत शिंकले तरी तुझा नवरा स्वयंपाकघरातून ‘ब्लेस यू’ म्हणतो. पण मी तोंड उघडलं की विनोदच बाहेर पडतो, हे तुला जन्मापासून ठाऊक आहे. वर्तमानपत्रात आयुष्यभर लोकांच्या टोप्या उडवल्या, त्याचा परिणाम. काल तू म्हणालीस, आई, प्राचीला आज तू न्हाऊ घाल ना. मी म्हटलं, तुमची मिडवाइफ एवढी शिकलेली, माझ्या अडाणी हातांचं काय काम? तू हसली नाहीस. टॉवेल उचललास आणि आत गेलीस. मग बाथरूममधून शंतनुला म्हणालीस, “आईला नातू हवा होता बहुतेक.” दार उघडं होतं, आणि मी बहिरी आहे असा तुमचा समज आहे.

त्या समजाचं आधी सांगते, म्हणजे जावयावर अन्याय नको. आल्या आल्या मी त्याला म्हटलं होतं, शंतनु, माझी बोटं बधिर झालीत, इथे एखाद्या डॉक्टरला दाखवता येईल का? प्रणिताला सांगू नकोस, ओली बाळंतीण आहे. सातव्या वर्षी इथे न्यू लिनला राहायला आलेला मुलगा. त्याचं मराठी दुसरीच्या पुस्तकात थांबलेलं. पण ठाण्याला त्याच्या आजीच्या घरासमोर मूकबधिर मुलांची शाळा होती, त्यामुळे ‘बधिर’ तेवढा ओळखीचा निघाला आणि ‘बोटं’ मधल्या मध्ये गळाली. “स्वीट ॲज, आई,” म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत ‘एकदम ठीक’, आणि कान तपासायची वेळ घेऊन आला. तुला सांगू नकोस म्हटलं होतं, म्हणून तुला त्याच संध्याकाळी सांगितलं. तेव्हापासून तुम्ही दोघं माझ्याशी पलीकडच्या डोंगरावरून बोलता. मीही खुलासा केला नाही. बहिऱ्या माणसाला कुणी कारणं विचारत नाही. घसा कोण कोरडा करणार? गुरुवारी तपासणाऱ्या पोरीनं ‘किया ओरा’ असा इथला नमस्कार करत कानांवर हेडफोन चढवले आणि शेवटी म्हणाली, तुमचे कान माझ्यापेक्षा बरे आहेत. शंतनु तेव्हा गाडी लावायला जागा शोधत होता. त्याला मी म्हटलं, बघू म्हणाली.

तर गोष्ट बोटांची आहे. तुझ्या प्रयोगशाळेत काय चालतं ते तू मागे फोनवर समजावलं होतंस. बोटांच्या टोकांत, वरच्या त्वचेच्या अगदी तळाशी मर्केल नावाच्या पेशी असतात. जरासा दाब पडला की शेजारच्या मज्जातंतूकडे चुगली करतात, म्हणून आपल्याला अंधारातही बटण सापडतं. मी म्हटलं होतं, म्हणजे आपल्या सोसायटीतल्या बायकाच की. माझ्याही करत असतील चुगल्या बिचाऱ्या, पण निरोप पोचवणारी तार जळली आहे. साडीच्या निऱ्या बोटांत ठरत नाहीत, म्हणून मी ड्रेस घालते. तू म्हणालीस, आई न्यूझीलंडला येऊन मॉडर्न झाली. पहिल्याच आठवड्यात प्राचीच्या अंघोळीचं पाणी काढण्याआधी मी सिंकमध्ये दुधाचं पातेलं घासत होते. शंतनुनं मध्ये हात घातला आणि पोळल्यासारखा मागे घेतला. मला ते पाणी कोमटसुद्धा लागलं नव्हतं. त्या दिवसापासून मिडवाइफ शिकलेली झाली आणि मी अडाणी.

तू झोपलीस की मी प्राचीला घेते. इतक्या पूर्वेला जन्मली म्हणून प्राची, हे शंतनुनं एकटं शोधून काढलं, तेवढ्यासाठी त्याला सगळं माफ. हातांना ती नुसतं वजन लागते, गव्हाच्या पिशवीसारखं. ओठांतही त्या पेशी पुष्कळ असतात असं तूच सांगितलं होतंस, म्हणून तिच्या टाळूवर ओठ टेकून बघितले. तिथे सगळं सापडलं. रेशमासारखं जावळ, खालची धुगधुग, ऊब. मग बराच वेळ मी तशीच बसून असते.

आता तार कशानं जळली ते. तुला दिवस गेल्याचा फोन आला त्याच आठवड्यात माझ्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. त्याआधी दोनदा तुझं नीट झालं नव्हतं, म्हणून मी बाबांच्या तोंडाला कुलूप घातलं. नेट बरं नाही म्हणून कॅमेरा बंद असायचा तो केमोच्या दिवसांत, आणि माझा हा फॅशनेबल बॉयकट म्हणजे नव्यानं उगवलेले केस. गाठ गेली, तार जाळणारी ती औषधं संपली, डॉक्टरांनी विमानात बसायला हो म्हटलं. बोटं तेवढी मागे राहिली. हळूहळू येतील म्हणतात, सगळी येतीलच असं नाही. नातू हवा होता म्हणतेस, तर एक सांगते: मुलाची हौस असती तर तू झाल्यावर मी दुकान बंद केलं नसतं. उद्या पाणी तू बघ, तेलही तूच कोमट कर. मी पाय पसरून बसते, प्राचीला माझ्या पायांवर पालथी दे आणि माझी मनगटं धरून ठेव. जोर जास्त झाला तर सांग. हळू सांगितलंस तरी ऐकू येईल.

तुझीच,
आई