चार घरचं विरजण

आई, ताई गेल्या रविवारी येऊन गेली आणि जाताना डब्यातून दही घेऊन गेली. तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं मनात आहे, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

नव्व्याण्णव साल आठवतं? मी कंपनीत नवा होतो. दिवसभर जुन्या प्रोग्राममधल्या तारखा दुरुस्त करायचो, आणि साल बदललं की कॉम्प्युटर गोंधळणार, वीज जाणार, नळ कोरडे पडणार, दुकानं लुटली जाणार, असं मला अगदी मनापासून वाटायला लागलं होतं. धायरीच्या आपल्या दोन खोल्यांत मी तांदूळ, डाळ, रॉकेल, मेणबत्त्या आणून भरल्या. खाटेखाली झाडू सरकवायला जागा उरली नाही. 'शेजारी कुणाला सांगू नकोस हं, सगळे आपल्याच दारात येतील,' मी म्हणालो. तू मेथी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "आन् समदे मेल्यावर तू एकटा जगून काय लोणचं घालणार हायेस का?"

त्याच आठवड्यात आपल्या दह्यात मांजरानं तोंड घातलं. तू सगळं ओतून दिलंस, वाटी घेऊन तीन दारं पलीकडे गेलीस आणि विरजण घेऊन आलीस. मी म्हणालो, दुसऱ्याकडचं कशाला? "दुसऱ्याचं कुठलं? आपलंच हाय. तिला मीच दिलं व्हतं. घरात कोंडलं की मरतंय ते. चार घरी असलं म्हंजी आपल्यालाबी राहतं." एक तारखेला सकाळी नळाला रोजच्या वेळी पाणी आलं. तू चहा पुढे केलास आणि विचारलंस, "बुडालं का रं तुझं जग?" मला खूप राग आला होता. तांदळात किडे व्हायच्या आत तू ते आळीत वाटूनही टाकलेस.

तू गेल्यावर मी वाघोलीला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लग्न राहिलं ते राहिलंच. तुझं विरजण मात्र डबीत घालून बरोबर आणलं होतं. रोज संध्याकाळी दूध कोमट करायचं, चमचाभर घालायचं, असं सतरा वर्षं चाललं. घरात तुझं म्हणून जिवंत असं तेवढंच होतं.

मग खरंच सगळं बंद पडलं. एक रोग आला, माणसं माणसांना भ्यायला लागली. स्वारगेटवरून एकही बस सुटेना. आमच्या इमारतीच्या फाटकाला पत्रे ठोकले. माझ्याकडे तीन महिन्यांचं सामान होतं. खोटं कशाला बोलू, आता कोण शहाणं ठरलं, असंही मनात आलं. पिशवीला किती जणांचे हात लागत असतील म्हणून दूध बंद केलं आणि कोरा चहा प्यायला लागलो. लॅपटॉपवरची मीटिंग संपली की घर इतकं गप्प व्हायचं, की कुकरच्या शिट्ट्या मी मोठ्यानं मोजायचो.

पाचव्या-सहाव्या दिवशी भरदुपारी बेल वाजते. मी दाराच्या भिंगातून बघतो. समोरच्या काकू आहेत, अमरावतीकडच्या, मुलाबरोबर राहतात. तोंडाला पदर, हातात स्टीलची वाटी. "भाऊ, जरासं इरजण देता का जी? दूध हाय, पण दही लावाले इरजणच नाही." फ्रिजमध्ये अर्धं भांडं दही आहे. मी श्वास रोखून उभा राहतो. "घरी नाही काय?" त्या पुन्हा विचारतात. त्या दिवसांत माणूस घरी नाही तर कुठे असणार, आई? त्यांनाही ते कळलं असणार. वाटी पालथी धरून त्या परत गेल्या.

पंधरा-वीस दिवसांनी दह्यावर गुलाबी बुरशी आली. धावतपळत खाली जाऊन फाटकावरून दूध आणलं, तळातलं चमचाभर घालून लावून पाहिलं, तर सकाळी घाण वास सुटला होता. सिंकमध्ये ओतलं आणि नळ तसाच सोडून रडलो. तू गेलीस तेव्हा इतका रडलो नव्हतो. काकूंना दिलं असतं तर वाटी घेऊन त्यांच्या दारात उभं राहता आलं असतं. पत्रे निघाले आणि मुलगा त्यांना गावी घेऊन गेला. मी निरोप घ्यायलाही दार उघडलं नाही.

रविवारी ताईला दहीभात वाढला. पहिल्याच घासाला ती थांबली, डोळे भरून आले तिचे. "अगदी आईचं रे. माझ्याकडे टिकलंच नाही बघ. तू जपलंस." मी पाणी प्यायलो. मग डबा धुऊन, पुसून, त्यात विरजणापुरतं दही भरून दिलं. ती डबा दोन्ही हातांत धरून रिक्षात बसली. खालच्या दुकानातून आणलेलं पाकीट होतं ते, आई. तू बोट लावून चाखलं असतंस तरी ओळखलं असतंस.

हे पत्र पोचेल असा पत्ता एकच, ताईचा, आणि तिथे मी ते पाठवणार नाही. आज तिचा फोन आला होता. तिच्या सुनेनं नेलं, शेजारणीनं नेलं, वरच्या मजल्यावरही गेलं म्हणे. "आईचं विरजण आता चार घरी लागलंय," ती म्हणाली, "आता नाही मरायचं." मी म्हणालो, हो.