दुसरा नमदा कुठे गेला?

एजे, अगं ताई, याही पत्रात तू मुद्द्याला बगल दिलीस. पानभर कांद्याच्या सालींच्या रंगाबद्दल लिहिलंस, पण फोटोत नमदा एकच का, ते नाही सांगितलंस. मी चौथीत शाळा सोडली असली तरी आईच्या कामापाशी बसून वाढलोय. लोकरीचा काळा आणि पांढरा थर एकावर एक ठेवून सुरी फिरवायची, यातली नक्षी त्यात आणि त्यातली यात बसवायची. म्हणजे नमदे दोन होतात. एक बिश्केकच्या प्रदर्शनात टांगलाय. दुसरा कुठाय?

असो. आधी रीतीचं. तू, आई आणि तुझी कुबडी, तिघींची तब्येत ठीक असावी. माझी ठीक आहे. (खोकला इथल्या रशियाचा, येकातेरिनबुर्गचा आहे, माझा नाही.) गोदामात खोकी उचलतो. यंदाचं हे चौथं काम. आधीच्या तिन्ही मुकादमांची नजर मला साफ वाटली नाही.

आता ती प्रदर्शनवाली बाई. गावाने ओढ्यात फेकलेली भरड लोकर तू कुबडीने ओढून काढतेस, धुतेस, अक्रोडाच्या सालींत रंगवतेस. ओढा मोकळा वाहतो, मेंढ्या पाणी पितात, इथवर पटतं. पण फेकलेल्या लोकरीला ही बाई पैसे देते? काहीतरी काळंबेरं आहे. वर पाटीवर ‘अपंग मुलीची कला’ हे हत्तीएवढं आणि तुझं नाव मुंगीएवढं! तू पाटी उतरवायला लावलीस, म्हणालीस, “माझा पाय नक्षीत आहे बाई, पाटीवर नको.” हे आईने फोनवर सांगितलं.

नक्षीत पाय? मी फोटो पुन्हा काढला. मी आपला आईच्या नक्षीतली नेहमीची मेंढ्याची शिंगं शोधत होतो. दिसत होतं काय, तर लांबट डाग, गोल ठिपका, लांबट डाग, गोल ठिपका. माझ्या खोलीत राहणारा तबिल्दी म्हणाला, “काय रे, तुझ्या बहिणीची सुरीपण लंगडते का?” (त्याच्याशी दोन दिवस अबोला.) मग मला ओळख पटली. ते आपलं अंगण! बर्फात पुढे तू, एक बूट आणि कुबडीचं भोक; मागून माझे चिमुकले बूट. तुझी रांग शाळेच्या फाटकापर्यंत जाते. माझी ओढ्यापाशी वळते! सगळ्या बिश्केकसमोर मला उघडं पाडलंस.

आणि तो कुबात खोगीरवाला तुझी लोकर वाहायला घोडा फुकट का देतो? आईने जन्मात एकदाच जोडी फोडली, बाबांशी लग्न ठरलं तेव्हा एक त्यांना दिला. कुबातला दिलास ना दुसरा? खरं सांग.

तुझा धाकटा भाऊ,
एर्मेक

ता. क. दिला असशील तर परत माग. तो मला हवाय. इथली जमीन सिमेंटची आहे. बूट घालून कुणाला पाय ठेवू देणार नाही.

ता. क. पुन्हा. पाकीट चिकटवणार तोच गावाकडचा ट्रकवाला गाठोडं घेऊन आला. दुसरा नमदा. (मग कुबातला काय दिलंस? संशय कायम.) फोटोत एवढं दिसत नव्हतं. मी जिथे वळलो, तिथे तुझा बूट आणि ठिपका उलटे फिरलेत, बराच वेळ उभं राहिल्यासारखे एकाच जागी दाटलेत. तू थांबली होतीस, हे मला ठाऊक नव्हतं. शेवटच्या ठिपक्यांच्या कडा झिजल्यासारख्या कापल्यास, म्हणजे कुबडीचं रबर गेलंय. नवं बसव. ट्रकवाल्याच्याच हाती साडेतीन हजार रुबल पाठवतोय.